अनुभव धागा: हवेत किती वेळ, जमिनीवर किती?

दोन छोट्या विमानतळांमधलं सरळ अंतर ४०० किमी. एटीआर ७२ हे पंख्यांचं विमान ताशी साधारण ५०० किमी वेगाने जातं, म्हणजे ४८ मिनिटं झाली. तिकिटावर मात्र सव्वा तास. माझ्या हिशोबावर विसंबून मी पुढचं विमान धरायला गेले आणि ते चुकलं. कामाचं मोठं नुकसान झालं. तुमच्या प्रवासात अंतर किती होतं, हवेत किती वेळ गेला, जमिनीवर किती, सविस्तर लिहा.

• • •

तिकिटावरची वेळ निव्वळ हवेतली नसतेच. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, पुन्हा जागेवर उभं राहिलं की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. मी बरीच वर्षं उड्डाणांच्या वेळा आखल्या आहेत. छोट्या विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाला जमिनीवर ये-जा करायचा रस्ता, नसला, तर विमान धावपट्टीवरूनच टोकाला जातं आणि तिथे वळून उड्डाण घेतं. तेवढ्यात दुसरं कुणी उतरत असेल, तर ते धावपट्टी मोकळी करेपर्यंत थांबायचं. या मिनिटांचा नकाशावर पत्ता नसतो, पण आम्हाला ती धरावीच लागतात.

• • •

वाऱ्याचं काय? एकाच मार्गावर मला जाता-येता पाव तासाचा फरक पडलाय. ताशी ८० किमीचा वारा समोरून आला तर ५०० चे ४२० होतात, पाठीमागून आला तर ५८०. म्हणजे तेच ४०० किमी एकदा ५७ मिनिटांत, एकदा ४१ मिनिटांत.

• • •

वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, दिला असेल तर ताशी किमी काढायला १.८५२ ने गुणा. २७० नॉट म्हणजे बरोब्बर ते ५००.

• • •

आमच्या ३०० किमीच्या मार्गावर जेट विमान आलं तेव्हा वाटलं, वेळ निम्मा होणार. वाचली जेमतेम दहा मिनिटं. १८,००० फुटांवरून उतरायला सुद्धा सुमारे १०० किमी आधी सुरुवात करतात, जेट तर त्याहून वर जातं. चढण्या-उतरण्यातच रस्ता सरतो, पूर्ण वेगाने पळायला जागा उरते कुठे?

• • •

स्कॉटलंडमधल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमधलं उड्डाण २.७ किमीचं आहे. वेळापत्रकातलं जगातलं सर्वात छोटं, दोन मिनिटांच्या आत संपणारं. एकदा तरी त्यात बसायची माझी फार इच्छा आहे.

• • •

बाबा अत्यवस्थ असल्याचा फोन आला आणि मी ५० मिनिटांचं उड्डाण बघून लगेच तिकीट काढलं. घरातून निघून त्यांच्या खाटेपाशी पोचायला साडेसहा तास लागले. विमानतळ दोन्हीकडे गावाबाहेर, त्यात उड्डाणाला उशीर. थेट रेल्वेने पाच तासांत पोचले असते, पण त्या घाईत ते सुचलंच नाही. बाबा जागे होते, माझी वाट बघत होते. आता दोन्ही मार्गांच्या दारापासून दारापर्यंतच्या वेळा मी कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवल्या आहेत.