टोयोटा हायरायडर: हायब्रिडचे अडीच लाख वसूल होतात का?

प्रश्न: महिन्याला १००० किमी, बहुतेक पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये. साध्या पेट्रोलपेक्षा स्ट्राँग हायब्रिडला (पेट्रोल इंजिनासोबत बॅटरी-मोटरवरही चालणारी) अडीच लाख जास्त धरले, तर परवडेल?

चक्रधर: शहरात साधी गाडी लिटरला १४ किमी, हायब्रिड २२ धरा. म्हणजे महिन्याला ७१ ऐवजी ४५ लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर बचत साधारण २७०० रुपये. वसुलीला साडेसात वर्षं! २००० किमी असेल तर चारच्या आत. कंपनीचा २७.९७ मायलेजचा आकडा विसरा.

घाटवाट: रोज एक्सप्रेसवेवर शंभरने जात असाल तर फरक आणखी कमी. तिथे ब्रेक फारसे लागत नाहीत, मग ब्रेकच्या ऊर्जेतून बॅटरी परत भरणार कशी? शिवाय बॅटरी मागे असल्याने डिकी लहान, मोठी सुटकेस आडवीच.

पाना-पक्कड: मोठ्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १.६ लाख किमी वॉरंटी आहे, तिची धास्ती नको. दगा देते ती छोटी १२ व्होल्टची! गाडी महिनाभर उभी राहिली की ती उतरते आणि सिस्टिम चालूच होत नाही. आठवड्यातून अर्धा तास गाडी ‘रेडी’वर (सिस्टिम पूर्ण चालू, गाडी निघायला तयार) ठेवा, नुसतं इग्निशन ऑन करून ती भरत नाही, उलट उतरते. हवेने थंड होणाऱ्या बॅटरीची जाळी सामानाने झाकू नका.