मदत हवी आहे : शाळेच्या ग्रंथालयाची यादी ऑनलाइन करायची आहे, मुलांना स्वतः शोधता आली पाहिजे

नमस्कार मंडळी,

शाळेचं ग्रंथालय मी सांभाळते. साधारण चार हजार पुस्तकं, त्यात मराठी निम्म्याहून जास्त. दाखल नोंदवही हाताने लिहिलेली, देवघेवीची वही वेगळी. एक संगणक, एक बारकोड स्कॅनर आणि बऱ्यापैकी चालणारं इंटरनेट आहे.

मला हवंय ते एवढंच : मुलाने येऊन ‘भूत’ किंवा ‘ग्रह’ असं टाइप करावं आणि पुस्तक कुठल्या कपाटात आहे, आत्ता जागेवर आहे की कुणी नेलंय, हे त्याला दिसावं. धीट मुलं मला विचारतात. लाजरी विचारत नाहीत, हाताला लागेल ते पुस्तक घेऊन जातात. हा खटाटोप त्यांच्यासाठीच आहे.

सुरुवात गूगल शीट्सवर केली आहे. दाखल क्रमांक, नाव, लेखक, आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक), वर्गांक (विषयानुसार दिलेला आकडा), कपाट असे रकाने आहेत. स्कॅनर कळफलकासारखंच काम करतो, आकडा टाकतो आणि एंटर मारतो, त्यामुळे आयएसबीएन भराभर चढतात. इंग्रजी पुस्तकांची बाकीची माहिती ओपन लायब्ररी या पुस्तकांच्या मोफत ऑनलाइन सूचीवर आयएसबीएन टाकला की बहुतेक वेळा मिळते. मराठीचं गाडं इथेच अडतं. बऱ्याच पुस्तकांची नोंदच सापडत नाही. सापडली तर नाव रोमन लिपीत, अक्षरांवर-खाली रेघा-टिंबं दिलेलं. मुलं ते कसं शोधणार? शिवाय आयएसबीएन पद्धत आली १९७०च्या सुमारास, म्हणजे आमच्या जुन्या, खूप वाचल्या गेलेल्या पुस्तकांवर तो नाहीच.

अडचणी अशा :

१. मराठी शोध. ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखी, शोधाला मात्र वेगळी. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. तिसरीतलं मूल ‘जादुगार’ लिहिणार आणि यादीत ‘जादूगार’ असणार. ‘काही सापडलं नाही’ असं एकदा दिसलं की ते मूल पुन्हा त्या संगणकाकडे फिरकत नाही, हे मी पाहते आहे.

२. वर्गांक. ग्रंथालयांत वापरल्या जाणाऱ्या ड्यूई वर्गीकरणाप्रमाणे मराठी साहित्याला ८९१.४६. त्यामुळे आमच्या मराठी कथा-कादंबऱ्या सगळ्या एकाच आकड्याखाली गोळा होतात. हेरकथा, शाळेतल्या गमती, भुतंखेतं, सगळं एकत्र. मुलांच्या शब्दांत विषय द्यावेत असं मला वाटतं. कुणी दिले आहेत का? किती ठेवलेत?

३. मुलांची नावं. कुणी काय नेलंय हे मला कळायला हवं, इतरांना अजिबात नको. एखाद्या मुलीने वयात येण्याविषयीचं पुस्तक नेलं आणि ते वर्गभर झालं, तर ती पुन्हा कधी तसं पुस्तक मागणार नाही. या बाबतीत मला तडजोड करायची नाही.

४. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्यावं का? मोफत आहे, २०००पासून वापरात आहे, मोठी ग्रंथालयं चालवतात. पण त्याला सर्व्हर लागतो, लिनक्स लागतं, आणि शाळेत ते बघणारं कुणी नाही.

---

प्रतिसाद १

ताई, तिसरा मुद्दा आधी मार्गी लावा. यादी आणि देवघेव या दोन स्वतंत्र फाइली करा. एकाच फाइलीत देवघेवीचं पान नुसतं लपवून ठेवलं तर ज्याच्याकडे लिंक आहे तो फाइलीची प्रत काढून ते पान उघडू शकतो. मुलांच्या फाइलीत फक्त ‘आहे’ किंवा ‘बाहेर आहे’ एवढंच. देवघेवीतही नावाऐवजी सभासद क्रमांक लिहा आणि पुस्तक परत आलं की ती ओळ काढून टाका. कोण काय वाचतं याचा साठा करायचं कारणच नाही.

आयएसबीएनचा रकाना भरण्याआधी ‘साधा मजकूर’ करून घ्या. एक्सेलमध्ये तेरा आकडी क्रमांक ९.७८ई+१२ असा दिसतो, आणि तसाच सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणाऱ्या साध्या फाइलीत) साठवला की शेवटचे आकडे कायमचे जातात. शून्याने सुरू होणाऱ्या जुन्या दहा आकडी क्रमांकांचं शून्यही गळतं. आणि स्कॅन करताना कळफलक इंग्रजीवर ठेवा, मराठीवर राहिला तर आकडे देवनागरीत उमटू शकतात आणि मग जुळणी होत नाही.

प्रतिसाद २

शोधासाठी आम्ही ‘शोधशब्द’ नावाचा जादा रकाना केला. त्यात नाव सगळं ऱ्हस्व करून, ‘ॲ’ एकाच पद्धतीने लिहून, शेवटी मुलांचे शब्द जोडलेले. हे रूपांतर सूत्राने होतं, हाताने करावं लागत नाही. मूल जे टाइप करेल त्यालाही तेच सूत्र लावायचं. म्हणजे ‘जादूगार’ लिहा नाहीतर ‘जादुगार’, पुस्तक सापडतंच. विषय थोडेच ठेवा आणि मुलांनाच विचारून ठरवा. कपाटावर तोच शब्द, त्याच रंगाची पट्टी.

कोहात वाचनाचा इतिहास न साठवण्याची सोय आहे, तेवढ्यासाठी ते चांगलंच. पण सांभाळायला माणूस नसेल तर आत्ता नको. शीट नेटकी ठेवलीत, एका रकान्यात एकच गोष्ट, तर पुढे ती तिकडे नेता येते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. फाइली आजच वेगळ्या करते. सूत्राने रूपांतर होईल हे डोक्यातच आलं नव्हतं. ते सूत्र इथे देऊ शकाल का? आणि अजून एक : पहिली-दुसरीच्या मुलांना टाइपच करता येत नाही. त्यांच्यासाठी चित्रांवर बोट ठेवून विषय निवडता येईल असं काही कुणी केलं आहे का? खाती उघडायला लावणारी साधनं सुचवू नका. बऱ्याच ठिकाणी तेरा वर्षांची अट असते आणि ही मुलं सहा-सात वर्षांची आहेत.