आजोबांच्या शाळेवरून मूळ गाव सापडेल का?

प्रश्न: पणजोबा पुण्यात कुठून आले, घरात कुणालाच माहीत नाही. आजोबा १९३८च्या सुमारास शनिवार पेठेतल्या शाळेत इंग्रजी पहिलीत होते, एवढंच कळतं. शाळेत नेमकं काय मागायचं?

पेठकर: शाळा सोडल्याचा दाखला मागू नका, तो गोषवारा असतो. जनरल रजिस्टरचा, म्हणजे मुलांच्या दाखल-नोंदवहीचा, उतारा मागा. त्यात पालकाचं नाव, जात-पोटजात, जन्मस्थळ, दाखल तारीख, शाळा सोडल्याचं कारण आणि शेरा असतो. तुमच्या कामाचा रकाना ‘आधीची शाळा’. इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी. तेव्हा मराठी चौथीपर्यंतची शाळा बहुधा वेगळी. तिथली दाखल नोंद १९३३-३४च्या आसपास शोधा, बिगरीचं, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गाचं, एक वर्ष धरून. तिथून पुन्हा एक पाऊल मागे.

रजिस्टर दाखल क्रमाने असतं, आडनावाच्या क्रमाने नाही. म्हणून मुख्याध्यापकांच्या नावच्या अर्जात अलीकडची-पलीकडची तीन-तीन वर्षं लिहा. नातं दाखवणारा कागद जोडा. जून-जुलैत जाऊ नका, प्रवेशाच्या गर्दीत कपाट कुणी उघडत नाही.

लोकलबोर्ड: शाळा बंद झाली असेल तर ती कुठल्या शाळेत विलीन झाली ते विचारा, दप्तर सहसा तिकडे जातं. खेड्यातल्या लोकल बोर्डाच्या शाळा १९६२ नंतर जिल्हा परिषदेकडे आल्या, तिथे पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे चौकशी करा. नदीकाठच्या पेठांत १२ जुलै १९६१च्या पानशेत पुरात बरंच भिजलं-वाहून गेलं, तेव्हा ‘नोंद नाही’ म्हणजे मुलगा तिथे नव्हताच असं धरू नका. अनुदानित शाळा दाद देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून.

मोडीवेडा: जुनी पानं मोडी लिपीत असू शकतात. अंदाजाने वाचू नका. र-ळ-ल घोटाळ्यात आडनाव बदलतं. सगळ्या पानाचा फोटो घ्या, त्याच हाताची इतर अक्षरं ताडून बघता येतात. शालिवाहन शक दिसला तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, पौषानंतरच्या तिथीला ७९ही येतात.

आणि जन्मतारखेवर फार विसंबू नका. एक जून दिसली की गुरुजींनीच घातलेली समजा. आडनावाच्या जागी नुसतं बापाचं नाव असेल तरी दचकू नका, त्या काळी चालायचं. पालक म्हणून मामा किंवा काका लिहिलेला असेल, तर मात्र तिथे थांबून नीट बघा.

पेठकर: हो, तो मामा कुठल्या गावचा हे कळलं की पणजीचं माहेर हाती लागतं.