शब्दचर्चा : ‘डिस्कोग्राफी’ला मराठीत काय म्हणावे?

क्लेरो या अमेरिकन गायिकेने आजवर केलेल्या ध्वनिमुद्रणांवर मराठीत एक टिपण लिहायला घेतले आणि शीर्षकापाशीच अडलो. ‘डिस्कोग्राफी’ (कलावंताच्या ध्वनिमुद्रणांची सूची) हा शब्द तसाच ठेवावा, तर जाणकार सोडून इतरांना तो परका वाटतो. ‘ध्वनिमुद्रिकासूची’ हा शब्द बांधणीने निर्दोष आहे; परंतु जिचे ‘प्रिटी गर्ल’ हे पहिले गाजलेले गाणे कोणत्याही तबकडीवर न उतरता २०१७ साली यूट्यूबवरून लोकांपर्यंत पोहोचले, तिच्या कामाची यादी ‘मुद्रिकां’ची यादी कशी म्हणायची, हा प्रश्न उरतोच. त्या एका शब्दामागोमाग आणखी बरेच शब्द उभे राहिले. ते सगळे येथे मांडत आहे.

इंग्रजी शब्दाच्या पोटातही तबकडीच आहे. जॅझच्या तबकड्या जमवणाऱ्यांनी तो रुळवला. शार्ल दलोने यांनी १९३६ साली पॅरिसमध्ये काढलेल्या जॅझच्या सूचीच्या नावातच तो आहे. आपला ‘ध्वनिमुद्रिका’ हा शब्द मात्र मला त्याहून सरस वाटतो. मुद्रिका म्हणजे ठसा उमटवणारी अंगठी. तेव्हा वस्तूचा गोल आकार आणि आवाजाचा उमटलेला ठसा या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात आल्या. पुढे कॅसेट आली तेव्हा ‘ध्वनिफीत’ झाली, सीडी आली तेव्हा ‘ध्वनिचकती’ झाली. दर वेळी आपण हातातल्या वस्तूला नाव दिले. वस्तूच हातात उरली नाही, तेव्हा नाव कशाला द्यायचे, हे ठरवायचे राहून गेले आहे.

आमच्या घरात भावगीतांची एक जुनी ईपी तबकडी जपून ठेवलेली आहे. सात इंच व्यास, मिनिटाला ४५ फेरे, दोन्ही बाजूंना दोन-दोन गाणी, आणि कडा मऊ पडलेल्या वेष्टनाच्या मागे गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे. माझ्या आईच्या पिढीला ‘ईपी’ आणि ‘एलपी’ हे शब्द समजावून सांगावे लागत नसत. ईपी म्हणजे ‘एक्स्टेंडेड प्ले’ आणि एलपी म्हणजे ‘लाँग प्ले’. ईपीतला ‘ई’ म्हणजे वाढवलेली, लांबवलेली. एका बाजूला एकच गाणे असलेल्या छोट्या तबकडीच्या मानाने ती लांब होती, म्हणून हे नाव; ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीपुढे ती आखूडच. म्हणून ‘विस्तारित ध्वनिमुद्रिका’ हे भाषांतर शब्दाला धरून असले, तरी वाचकाची दिशाभूल करते, कारण वाचक ती नेहमीच्या अल्बमहून मोठी समजेल. क्लेरोची ‘डायरी ००१’ ही २०१८ सालची ईपी सहा गाण्यांची आहे. तिला ‘ईपी’च म्हणावे आणि पहिल्या उल्लेखात ‘सहा गाण्यांची’ एवढे जोडावे, असे माझे मत आहे.

‘सिंगल’साठी ‘एकल’ हा शब्द काही ठिकाणी दिसतो. तो टाळावा. आपल्याकडे एकल म्हणजे एकट्याने केलेले, जसे एकल गायन, एकल तबलावादन. क्लेरोचे डॅनी एल हार्ले या ब्रिटिश संगीतकारासोबतचे गाणे ‘सिंगल’ असू शकते, पण ‘एकल’ असू शकत नाही. ‘सुटे गाणे’ हा शब्द मला योग्य वाटतो. सुटे पैसे, सुटी फुले, सुटे भाग यांत मोठ्या जुडग्यातून वेगळे निघालेले, स्वतंत्रपणे हाती येणारे असा जो अर्थ आहे, तोच येथे हवा आहे.

‘अल्बम’ला मात्र मराठी शब्द शोधण्याचा अट्टहास नको. तीन-साडेतीन मिनिटांच्या बाजूंच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या कागदी खिशांच्या जाड बांधीव पुस्तकात घालून विकत, आणि ते पुस्तक फोटोंच्या अल्बमसारखे दिसे, म्हणून संगीतात हा शब्द आला. लग्नाचा अल्बम आपल्याकडे घरोघरी असल्याने ही उपमा मराठी माणसाला आपोआप कळते.

आता कलावंतासाठी वापरायचा शब्द. ‘सिंगर-साँगरायटर’चे ‘गायक-गीतकार’ असे भाषांतर सर्रास होते आणि ते अपुरे आहे. मराठीत गीतकार म्हणजे शब्द लिहिणारा. चाल संगीतकार लावतो. माझ्या घरच्या त्या ईपीच्या वेष्टनावरही ही दोन नावे वेगवेगळी आहेत. इंग्रजी शब्दात मात्र शब्द आणि चाल दोन्ही येतात. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे आणि तो थेट देवगिरीहून आलेला आहे. तेराव्या शतकात यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त वाक् आणि गेय, म्हणजे शब्द आणि स्वररचना, दोन्ही करणाऱ्याला ‘वाग्गेयकार’ म्हटले आहे. क्लेरोला वाग्गेयकार म्हटले तर काही वाचकांना तो शब्द जड वाटेल, हे मला मान्य आहे. तिच्या घरगुती, हळू आवाजातल्या गाण्यांना तो राजदरबारी पोशाखासारखा दिसेल, हेही खरे. तरी एका शब्दात अचूक अर्थ देणारा दुसरा शब्द मला सापडलेला नाही. लेखात पहिल्यांदा ‘स्वतःची गाणी लिहून, चाल लावून गाणारी’ असे लिहून पुढे ‘वाग्गेयकार’ वापरावा, असा माझा विचार आहे.

‘इंडी पॉप’ची अडचण निराळी आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘इंडीपॉप’ म्हणजे चित्रपटाबाहेरचे भारतीय पॉप संगीत असा अर्थ रुजला, आणि चाळिशी ओलांडलेल्या वाचकाच्या कानात आजही तोच वाजतो. अमेरिकन ‘इंडी’चा इंडियाशी संबंध नाही. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांवर अवलंबून नसलेले, ‘इंडिपेंडंट’, असा त्याचा मूळ अर्थ असून पुढे तो एका विशिष्ट शैलीचे नाव झाला. क्लेरोची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे फेडर या स्वतंत्र लेबलने, म्हणजे ध्वनिमुद्रण कंपनीने, काढली, तर २०२४ सालचा ‘चार्म’ हा अल्बम तिने स्वतःच्या लेबलखाली प्रकाशित केला. तेव्हा तिच्या बाबतीत हा मूळ अर्थही पुष्कळसा लागू होतो. येथे मी ‘स्वतंत्र पॉप’ न म्हणता ‘इंडी पॉप’ ठेवून त्याचा अर्थ एका वाक्यात सांगेन, कारण शैलीचे नाव भाषांतरित केले की ते शैलीचे नाव राहत नाही.

तिच्या संगीताला ‘बेडरूम पॉप’ असेही म्हणतात, आणि या शब्दाला शयनगृहात नेणे ही घोडचूक ठरेल. ‘प्रिटी गर्ल’ या गाण्याची चित्रफीत पाहावी. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बसलेली एक मुलगी कानांत इअरफोन घालून स्वतःच्याच गाण्यावर ओठ हलवते आहे. मागे तिची खोली, चित्र धूसर, प्रकाशयोजना नाही, आणि गाण्याला साध्याशा कीबोर्डची साथ. शब्दातली बेडरूम म्हणजे ही एवढीच जागा आहे. झोपेशी किंवा शृंगाराशी तिचा संबंध नाही. मी आधी ‘घरगुती’ हे विशेषण योजले होते, पण ‘घरगुती बैठक’ म्हटल्यावर मराठी संगीतरसिकाच्या डोळ्यांसमोर सतरंजी, तानपुरे आणि वीस-पंचवीस दर्दी श्रोते येतात. ‘खासगी ध्वनिमुद्रण’ही चालत नाही, कारण रसिकांनी मैफलीत टेपरेकॉर्डर लावून जपलेल्या गाण्याला आपण तसे म्हणतो. ‘खोलीतले पॉप’ म्हटले तर अर्थ कळतो. खोली हा आपल्याकडे अतिशय सोसणारा शब्द आहे. चाळीतल्या एका खोलीपासून वसतिगृहातल्या खोलीपर्यंत तो सगळीकडे जातो.

ज्या शब्दाबद्दल मला सर्वांत आग्रहाने सांगावेसे वाटते, तो ‘प्रोड्यूसर’. त्याचे ‘निर्माता’ असे भाषांतर वृत्तपत्रांत नेहमी दिसते. मराठीत निर्माता म्हणजे नाटकाला किंवा चित्रपटाला पैसा उभा करणारा. ध्वनिमुद्रणातला प्रोड्यूसर मुख्यतः गाण्याला नाद देतो. कोणते वाद्य कोठे यावे, आवाज जवळून ऐकू यावा की लांबून, कोणता भाग ठेवावा आणि कोणता वगळावा, हे तो गायकाबरोबर ठरवतो. क्लेरोच्या तीन अल्बमांचा प्रवास तर याच नावांवरून वाचता येतो. २०१९ सालचा ‘इम्यूनिटी’ तिने रोस्तम बात्मांग्लीज यांच्याबरोबर केला, २०२१ सालचा ‘स्लिंग’ जॅक अँटोनॉफ यांच्याबरोबर आणि ‘चार्म’ लिऑन मिशेल्स यांच्याबरोबर. खोलीतल्या कीबोर्डवरून खऱ्या ड्रमकडे, तेथून न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगरावरच्या स्टुडिओत बसून केलेल्या गिटार-पियानोच्या शांत रचनांकडे, आणि मग वादकांनी एकत्र वाजवून थेट फितीवर घेतलेल्या उबदार नादाकडे ती गेली. या तिघांना ‘निर्माते’ म्हटले, तर त्यांनी पैसे घातले एवढेच वाचकाला कळेल आणि गोष्टीचा गाभाच निसटेल. आपल्याकडच्या श्रेयनामावलीत ‘संगीत संयोजन’ असते, ते यापैकी बऱ्याच भागाला पुरते. पूर्ण पुरत नाही, कारण संयोजक सहसा वाद्यमेळापर्यंत थांबतो. मी सध्या ‘ध्वनिमुद्रण-संयोजक’ असे लिहीत आहे. याहून चांगला शब्द कोणी सुचवल्यास मी आनंदाने घेईन.

आताच ‘फितीवर घेतलेला’ असे लिहिले, तेथेही एक सूक्ष्म भेद आहे. ‘ध्वनिफीत’ म्हटले की आपल्याला दुकानातली कॅसेट आठवते, म्हणजे ऐकणाऱ्याच्या हातातली वस्तू. ‘चार्म’ची फीत स्टुडिओतच राहिली, आणि आपण तो अल्बम फोनवर ऐकतो. म्हणून ‘चार्मची ध्वनिफीत’ असे लिहू नये. ‘फितीवर मुद्रित केलेला अल्बम’ असे लिहावे.

अल्बमांची नावे भाषांतरित करू नयेत, हे मला मान्य आहे. तरी अर्थ सांगताना काय सांगावे, यावर विचार व्हावा. ‘डायरी ००१’ला रोजनिशी म्हणता येते, पण मूळ नाव जाणूनबुजून लहान रोमन अक्षरांत लिहिलेले आहे, आणि देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने तो संकोच लिप्यंतरात हरवतो. ‘इम्यूनिटी’ला २०२० नंतर प्रत्येक जण रोगप्रतिकारशक्तीच म्हणेल. किशोरवयात आपल्याला संधिवात असल्याचे कळले, हे क्लेरोने मुलाखतींत सांगितलेले आहे, आणि त्या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. हे ठाऊक असले की नावाला वेगळी धार येते. ‘स्लिंग’चे अर्थ गोफण, मोडलेला हात गळ्यात अडकवण्याची पट्टी आणि बाळ अंगाशी बांधून नेण्याची झोळी असे तीन निघतात. घर, आईपण आणि कोणाची तरी काळजी घेणे हे त्या अल्बमचे विषय असल्याने मी ‘झोळी’ हा अर्थ निवडतो. जुन्या लुगड्याची, तुळईला बांधलेली, बाळाच्या वजनाने खाली ओळंबलेली झोळी ज्याने पाहिली आहे, त्याला या अल्बमचा संथ डोलही समजेल.

याच अल्बममध्ये ‘ब्लाऊज’ नावाचे गाणे आहे. मराठी वाचकाला तेथे हमखास साडीवरचा ब्लाऊज दिसणार. मूळ शब्दाचा अर्थ सैलसर, बटणांचा वरचा कपडा असा आहे. गाण्यातली स्त्री मनातले बोलू पाहते आणि समोरच्याची नजर तिच्या ब्लाऊजकडे असते. कपड्याचा प्रकार वेगळा असला, तरी नजर तीच आहे. म्हणून मी ‘पोलके’ किंवा ‘सदरा’ असे काही न लिहिता ‘ब्लाऊज’च ठेवला आणि कपड्यातला फरक एका वाक्यात सांगितला.

मोजणीचा प्रश्नही शब्दांचाच आहे. ‘इम्यूनिटी’त ११, ‘स्लिंग’मध्ये १२ आणि ‘चार्म’मध्ये ११ असे मिळून ३४ ‘ट्रॅक’ होतात. त्यांना ‘३४ गाणी’ म्हणता येत नाही, कारण ‘स्लिंग’मधली ‘जोनी’ ही तिच्या कुत्रीच्या नावाची रचना शब्दांविना आहे. तेथे ‘रचना’ म्हणावे. ‘प्रिटी गर्ल’ तर आधी एका संस्थेच्या मदतीसाठी काढलेल्या संकलनासाठी केले होते, मग ते चित्रफितीच्या रूपाने पसरले आणि नंतर ईपीत आले. गाणे एक, नोंदी तीन. ध्वनिमुद्रण, प्रकाशन आणि रचना हे तीन शब्द सूचीत काटेकोरपणे वेगळे ठेवले, तर हा घोळ होत नाही. ‘रिलीज’साठी ‘प्रदर्शित’ हा शब्द चित्रपटासाठी राहू द्यावा. गाण्याला आणि अल्बमला आपण पूर्वापार ‘प्रकाशित’ म्हणत आलो आहोत.

एवढे सगळे पाहिल्यावर शीर्षकापुरता माझा कौल ‘क्लेरोची ध्वनिमुद्रणे’ या साध्या अनेकवचनाला आहे. मुद्रिका, फीत, चकती या वस्तू होत्या. मुद्रण ही क्रिया आहे, आणि ती खोलीतल्या लॅपटॉपवरही घडते. यादीच द्यायची असेल तेथे ‘ध्वनिमुद्रणसूची’ म्हणावे.

‘चार्म’चा अर्थ मात्र मी अजून ठरवलेला नाही. ‘मोहिनी’ लिहून खोडले, कारण त्यात रूपाचा भाग जास्त येतो. इंग्रजी शब्द ज्या लॅटिन ‘कार्मेन’वरून आला, त्याचा अर्थ गाणे, आणि मंत्रही. आपल्याकडे सापाच्या मंत्रावरून आलेला ‘गारूड’ हा शब्द आहे, आणि एखाद्या गाण्याचे गारूड उतरत नाही, असे आपण रोज म्हणतो. अल्बमच्या नावाचा अर्थ सांगताना ‘गारूड’ लिहावे का, याबद्दल आपले मत वाचायला मी उत्सुक आहे.