मदत हवी आहे: रस्त्यांसाठी नगरपरिषदेचं कर्ज, कागद कसे मिळवायचे?

नमस्कार मंडळी. आमच्या नगरपरिषदेने रस्ते काँक्रीटचे करायला कर्ज काढायचा ठराव केलाय. रस्ते हवेतच, पावसाळ्यात नुसती चाळण होते. पण हप्ते फेडणार कशातून, घरपट्टी वाढवून का, हे नगरसेवकही धड सांगत नाहीत. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे (गुंतवणूकदारांकडून घेतलेलं कर्ज) ७.५९ टक्के व्याजाने काढले, तेव्हा दर, मुदत सगळं जाहीर होतं. आमच्याकडे चहाच्या टपरीवर रोज नवा आकडा! ठरावाची प्रत, व्याजदर, तारण काय ठेवणार हे माहिती अधिकारात मागताना अर्जात नेमकं काय लिहावं? आणि शासनाच्या मंजुरीआधी हरकत घ्यायची तर कुणाकडे, मुख्याधिकारी की जिल्हाधिकारी? कुणी असा अर्ज केला असेल तर नमुना टाका ना.