मिलच्या जुन्या नकाशावरून जमीन कोणाची हे कळेल का?

काळाचौकीची_लेक
मंडळी, माझे वडील लोअर परळच्या एका मिलमध्ये फिटर होते. ते गेल्यावर माळ्यावर नकाशांची गुंडाळी सापडली. एक निळा ब्लूप्रिंट आहे, त्यावर ‘लोअर परळ डिव्हिजन’ आणि सी. एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे, म्हणजे भूमापनाचा) नंबर. रिंग खातं (सूतकताई), साचेखातं (मागांची शेड), बॉयलर, चिमणी, तळं, सगळं नावानिशी दाखवलंय. कडेने लाल रेघ आणि एका तुकड्यावर हाताने ‘लीज’ लिहिलंय. दुसरा कागद त्याहून जुना, त्यावर मिलच नाही! नुसती शेतं, वाड्या, आणि कोपऱ्यात लॉटन हे नाव. चाळीत सगळे म्हणतात, मिलला जमीन सरकारनं फुकट दिली होती. खरं काय?

भोंगा_७चा
ताई, गुंडाळी कोणाला दाखवू नका. कोटींची जमीन आहे ती. आधी वकील गाठा.

जरीबवाले_काका
वकिलाचे पैसे वाचवा. नकाशानं मालकी सिद्ध होत नसते, हद्द कळते. मी भूमापनात नोकरी केली. असे कागद घेऊन डोळ्यांत पाणी आणलेली माणसं खूप पाहिली.

तुमचा जुना कागद बहुधा कर्नल लॉटनच्या मोजणीवरून काढलेला आहे. ती १८६५ ते १८७२ मध्ये झाली. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावरशेठनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली, पण परळकडची बरीचशी धुराडी नंतरची. म्हणून तुमच्या कागदावर शेतं दिसतात. सी. एस. नंबर मात्र १९१५ नंतरच्या मोजणीतले, तेव्हा निळा नकाशा त्यानंतरचाच.

आता मालकी. फोर्टातल्या जुन्या कस्टम हाऊसमधल्या भूमापन कचेरीत डिव्हिजन आणि सी. एस. नंबर देऊन प्रॉपर्टी कार्डाची (जमीन कोणाच्या नावावर ते सांगणाऱ्या सरकारी उताऱ्याची) नक्कल मागा. त्यात धारणाप्रकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या अटीवर धरलीय त्याचा, रकाना आधी वाचा: फोरास, टोका, पेन्शन अँड टॅक्स, लीजहोल्ड, असं काहीतरी असेल. फोरास म्हणजे खाजणाच्या, पाणथळ जमिनी लोकांनी लागवडीला आणाव्यात म्हणून नाममात्र भाड्यानं दिलेल्या. ‘फुकट दिली’ ही दंतकथा अशा नाममात्र भाड्यांतूनच आली असावी, असं मला वाटतं. प्रत्यक्षात एकाच कंपाउंडात विकत घेतलेला तुकडा, सरकारी पट्टा (लीज) आणि पालिकेचा पट्टा शेजारी शेजारी सापडतात. तुमच्या ‘लीज’वाल्या तुकड्याचा नंबर वेगळा आहे का, ते बघा.

काळाचौकीची_लेक
हो काका, वेगळा आहे! तळ्याकडचा तुकडा. पण मग या नकाशाचा उपयोग काय, नुसती आठवण?

जरीबवाले_काका
उपयोग होता, आणि मोठा होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात मिलची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेली मालकाला, असं होतं. २००१ मध्ये नियम बदलला: वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची. शेड पाडून रिकामी झालेली जागा त्यात धरायची नाही. म्हणजे तुमच्या नकाशात जिथं साचेखातं रंगवलंय, तेवढी जमीन वाटपातून वगळली गेली. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये मालकांविरुद्ध निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तो फिरवला. गिरणगावात मैदानं का झाली नाहीत, याचं उत्तर कागदावरच्या त्या शेडच्या चौकोनांत आहे. आणि साचेखात्याइतकं पसरलेलं दुसरं काय असतं मिलमध्ये? एकमजली, करवती छपराचं, उत्तरेचा उजेड घ्यायला.

कागदपत्री
दोन गोष्टी. गुंडाळी जोरानं उलगडू नका, ब्लूप्रिंट उन्हात ठेवला तर निळा उडतो. लॅमिनेशन तर अजिबात नको. सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून फोटो काढा, मिलचं नाव आणि प्रमाण येईल असे. दुसरं, त्याच माळ्यावर वडिलांचा गेटपास, पी. एफ.ची स्लिप, ईएसआयचं कार्ड शोधा. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर ते पटावर असतील, तर म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी ते कागद या नकाशापेक्षा जास्त कामाचे आहेत.

काळाचौकीची_लेक
गेटपास आहे, १९७९ चा. पी. एफ.ची स्लिप शोधते. काका, कस्टम हाऊसला ‘लीज’वाल्या तुकड्यासाठी वेगळा अर्ज करू की एकच?

जरीबवाले_काका
प्रत्येक सी. एस. नंबराला वेगळं कार्ड. दोन अर्ज करा.