मदत हवी आहे: आठवीची मुलं इतिहासाचं उत्तर परिच्छेदात लिहीतच नाहीत

खडूवाली
सगळं करून झालं. मुद्दे दिले, फळ्यावर उत्तर लिहून दिलं, वहीत उतरवून घेतलं. पेपरात मात्र ये रे माझ्या मागल्या. कालचा नमुना जसाच्या तसा: "१८५७ चा उठाव काडतुसांमुळे झाला. काडतुसांना चरबी होती. चरबी गाईची व डुकराची होती. म्हणून शिपाई चिडले. म्हणून उठाव झाला." याला तीनपैकी किती देऊ? शुक्रवारी चाचणी आहे. 'अवांतर वाचन वाढवा' कृपया सांगू नका.

चिंचगूळ
माध्यम कुठलं? पट किती? प्रश्न काय होता?

खडूवाली
मराठीच, अजून कुठलं. पट ५२. प्रश्न उठावाचाच.

चिंचगूळ
अहो ताई, 'टीप लिहा' की 'सकारण स्पष्ट करा'? टिपेत मंगल पांडे, २९ मार्च, बराकपूर, १० मे, मेरठ असं सगळं चालतं. सकारणमध्ये त्या तारखांचा उपयोग शून्य, कारण त्या उठाव कधी झाला ते सांगतात, का झाला ते नव्हे.

खडूवाली
सकारण. विधान होतं 'हिंदी शिपायांमध्ये असंतोष वाढत होता'. हे आधी सांगायला हवं होतं का?

दौत
माझ्या मुलीला शाईपेन दिलं आणि आठवड्यात अक्षर सुधारलं. बॉलपेनने मुलं घाईघाईत लिहितात.

निवृत्त_मास्तर
तुमच्या त्या मुलाला मी दीड देईन. त्याला 'म्हणून' वापरता येतं, हे थोडं नाही. अडचण अशी की त्याने शेवटचं कारण एकटंच उचललंय. मी वर्गात एकच करायचो: पहिल्या वाक्यात थेट उत्तर, पुढे एकेक पुरावा, आणि प्रत्येक पुराव्यानंतर सगळ्या वर्गाने ओरडायचं, "मग?"
'कंपनी आपला धर्म बुडवणार, अशी धास्ती शिपायांना होती. १८५६ च्या कायद्याने नव्या भरतीला समुद्रापार जाण्याची अट घातली.' मग? 'समुद्र ओलांडला की जात बाटते, अशी समजूत होती. त्याच वर्षी अवध, म्हणजे लखनौचं राज्य, खालसा झालं.' मग? 'बंगालच्या फौजेत तिकडचे शिपाई पुष्कळ होते, त्यामुळे घरची झळ छावणीत पोचली.' काडतुसं यानंतर.

पानगळ
मास्तर, पहिल्या वाक्यात धर्म आणि तिसऱ्या पुराव्यात घरची झळ? तुमचंच पहिलं वाक्य अपुरं पडलं की. शिवाय असा साचा दिला की ५२ वह्यांत तेच उत्तर. मग गाईड काय वाईट?

निवृत्त_मास्तर
धर्माबरोबर 'घरदार' घाला, चूक मान्य. साच्याचं मात्र मान्य नाही. पोहायला शिकवताना आधी डबा बांधतातच.

सह्यकडा
मुळात 'उठाव' का म्हणता? स्वातंत्र्यसमर म्हणा.

पानगळ
आलं का ते. मग त्याआधीच इंग्रजांविरुद्ध उठलेल्या उमाजी नाईकांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिली, ते कशात धरायचं?

सह्यकडा
तो वेगळा धागा काढा, सविस्तर बोलू. मुलांना एवढंच लिहू द्या की गव्हर्नर जनरल डलहौसीने वारस नाही म्हणून सातारा, झाशी, नागपूर, अवध गिळलं.

चिंचगूळ
अवध त्या यादीत नाही. नवाब जिवंत होता, गैरकारभाराचं निमित्त काढलं. सातारा १८४८, झाशी आणि नागपूर १८५४, ही बिनवारस म्हणून. खडूवाली, हेच मुलांना शोधायला लावा. चार नावांत वेगळं कोण, आणि का? 'का' आलं की वाक्य आपोआप लांबतं.

दौत
शाईपेनाचं कुणी मनावर घेतलं नाही वाटतं.

खडूवाली
आज करून पाहिलं. फळ्यावर फक्त 'काडतुसं आधी की अवध आधी?' एवढंच लिहिलं. दहा मिनिटं नुसता गोंगाट. 'मग?' ओरडायला तर इतका जोर की शेजारच्या वर्गातून निरोप आला. चरबीवाल्याने आज लिहिलं: "शिपाई आधीपासूनच नाराज होते. त्यांच्या मुलखाचं राज्य १८५६ मध्ये कंपनीने घेतलं. तो राग मनात होता, त्यात दाताने तोडायची काडतुसं आली." तीन वाक्यं, पण एकमेकांना धरून आहेत. अडीच दिले. उरलेल्या ५१ जणांचं तपासते आहे. आणि हो, तो म्हणतो, "बाई, पेपरात 'मग' लिहायचं का?"

निवृत्त_मास्तर
नाही! मनात म्हणायचं. हे सांगायचं राहिलंच.